प्रत्येकाचा आवाज वेगळा

"ऐकायचा डबा बसवायचाय तर बसव," आई म्हणाली, "पण तो फक्त ऐकेल. बोलणार नाही."

"का?"

"मी निवांत बसलेली असताना भिंतीतून तुझी हाक आली, तर मी खरंच पडेन."

मुलगा हसला नाही. गेल्या महिन्यात ती जिन्यावरून घसरली होती. हाड शाबूत राहिलं, गुडघा सुजला. तेव्हापासून त्याने तिचं एकटीने बाहेर पडणं बंद केलं होतं. घरात दोघंच, आणि तो दिवसभर ऑफिसात.

"डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला हालचाल हवी."

"घरातल्या घरात कर. पुन्हा एकटी बाहेर गेलीस, तर दिवसभराची बाई ठेवीन. सांगून ठेवतो."

"जन्मभर मी पोरांना वर्गात बसवलं. आता तू मला बसवणार?"

"हो."

आईने वाद वाढवला नाही. डबा कुठे लावायचा ते मात्र तिने ठरवलं: पुस्तकांच्या फळीवर, कॉम्प्युटरच्या समोर. भौतिकशास्त्राची शिक्षिका होती ती. आवाज कुठे नीट पोचेल हे तिला कळणारच, असं त्याला वाटलं.

मग तिने बदल्यात एकच गोष्ट मागितली.

"गाणी लावली की मध्येच बातम्या बोंबलतात. एकाचा आवाज कमी करावा, तर सगळ्यांचीच दातखीळ बसते."

तो कौतुकाने खुर्ची ओढून बसला. "स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक कर. हा व्हॉल्यूम मिक्सर. आवाज करणारे जेवढे प्रोग्राम चालू, तेवढ्या पट्ट्या. ही गाण्यांची, ही बातम्यांची. हवी ती सरकव, दुसरीला धक्का लागत नाही."

"म्हणजे एकाच खोलीत एक आवाज लांबचा वाटेल, एक जवळचा?"

"तसंच समज."

"आणि पार शून्यावर नेला तर?"

"प्रोग्राम चालूच राहतो. ऐकू येत नाही, एवढंच."

"तुझ्या बाबांना अशी पट्टी असती, तर संसार आणखी सुखाचा झाला असता."

तिने त्याच्याकडून गाणी वाजवायचे चार-पाच वेगवेगळे प्रोग्राम घालून घेतले. एकातच सगळं कोंबलं की सरमिसळ होते, म्हणाली. त्याने मुकाट्याने घातले. आईच्या मसाल्याच्या डब्यातही चमचे वेगवेगळे असायचे.

ऑफिसात त्याची जागा चौथ्या मजल्यावर, खिडकीशी होती. जेवणानंतर तो एका कानात इअरफोन घालायचा आणि घर ऐकायचा. लांबून, स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी. मध्यम आवाजात रेडिओ. खुर्ची सरकल्याचा आवाज, कोरडा खोकला. मग अगदी जवळून आई पुटपुटायची, "चष्मा कुठे ठेवला मी?"

रोज चष्मा हरवायचा. विसरभोळी होत चाललीय, त्याला वाटायचं. बरं झालं डबा बसवला. आता फोन करून विचारायचीही गरज उरली नव्हती.

"पहारा चालू का?" शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस विचारायची.

"काळजी म्हणतात याला."

"माझ्या मुलाने केली ना अशी काळजी, तर तो डबा त्याच्याच डोक्यात घालीन."

तो खिडकीबाहेर बघायचा. रस्त्यापलीकडे पोहण्याचा तलाव होता. दुपारी तिथे गर्दी नसे. पिवळी टोपी आणि डोळ्यांवर जाड गॉगल घातलेली एक म्हातारी काठाची दांडी धरून जपून पाण्यात उतरायची आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे पोहत राहायची.

एका रात्री जेवताना त्याने विषय काढला. मुद्दामच.

"आमच्या ऑफिससमोर एक आजीबाई पोहतात. पिवळी टोपी घालून, एकट्याच. घरी कोणी विचारणारं नाही वाटतं."

"बरी पोहते का?" आईने विचारलं.

"संथ. कासवासारखी."

"बुडत नाही ना?"

"प्रश्न तो नाही, आई. या वयात हट्ट करू नये."

"खरंय," आई म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला. तिचे केस ओले होते.

"रात्रीची न्हालीस?"

"संध्याकाळी. उकडत होतं."

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारची बैठक रद्द झाली. त्याने खिडकीतून पाहिलं, पिवळी टोपी पाण्यात उतरत होती. आज आईबरोबर चहा घेऊ, असं ठरवून तो निघाला. वाटेत कानात घर चालूच होतं. जिना चढताना कुकरची शिट्टी झाली. दाराशी पोचला, तेव्हा कानात आई खोकली.

तिला उठायला लागू नये म्हणून त्याने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

"आई?"

"चष्मा कुठे ठेवला मी?" ती म्हणाली.

खोलीत कोणी नव्हतं. चष्मा टेबलावरच होता.

तो स्वयंपाकघरात गेला. कुकर घासून ओट्यावर पालथा घातला होता, कोरडा ठणठणीत. मागे, बाहेरच्या खोलीत, त्याची दुसरी शिट्टी झाली.

कॉम्प्युटरवर मिक्सर उघडाच होता. त्याने शिकवला होता तसा. एक पट्टी अगदी खाली, एक मधोमध, एक वर. आणि शेवटची शून्यावर. प्रोग्राम चालू होता, ऐकू येत नव्हता.

त्याने ती पट्टी हळूहळू वर नेली.

"...तर आलास का?" आईचा आवाज म्हणाला. "किल्ली जागेवर लाव. ही पट्टी पुन्हा खाली ने, बाकीच्यांना हात लावू नकोस, फार मेहनतीने जुळवल्यात. बाई ठेवायची तर खुशाल ठेव, तिलाही शिकवीन. आणि ऐक, मी संथ पोहत नाही. दम राखून पोहते."