बदक बसमध्ये चढणार नाही

“बदक बसमध्ये चढणार नाही,” दिग्दर्शिका म्हणाली. “चढलंच, तर पिक्चरमधून मी उतरते.”

निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. शेवटचा प्रसंग परवा चित्रित व्हायचा होता आणि बाई अडून बसल्या होत्या. बाई एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी नाही, हे अख्ख्या युनिटला ठाऊक होतं.

गोष्ट तर घरोघरी पाठ होती. सुट्टीत आजोळी आलेला मुलगा, त्याला सापडलेलं फेंगड्या नावाचं बदक, महिनाभराचा धुडगूस, आणि मग परतीची बस. सोळाव्या पानावर मुलगा खिडकीतून हात हलवतो, बस वळणाआड जाते, आणि अगदी तळाला ते वाक्य येतं: ‘फेंगड्या थांब्यावरच बसून राहिला.’ चाळीस वर्षं पोरं हे वाक्य वाचून भोकाड पसरत होती आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच पुस्तक मागत होती.

“लोक पोरंबाळं घेऊन येणार,” निर्माते म्हणाले. “त्यांना काय रडवून घरी पाठवायचं? एकदा चढवा हो त्याला बसमध्ये. तुमचं काय जातंय?”

“माझं सगळं जातंय.”

“अहो, बदकालासुद्धा तुमचा शेवट पटत नाही.”

हे मात्र खोटं नव्हतं. कार्टूनमधलं बदक काढाल तिथे बसतं. हे खरंखुरं होतं. तालमीत ते थांब्यावर टेकायलाच तयार नव्हतं. बदकवाल्याने दाणे टाकले, शेजारी मांडी घालून समजूत काढली. बदकाने दाणे खाल्ले आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली.

शेवटी बाईंनीच तोड काढली. कागद ओढला आणि टाकाने लिहावं तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘शेवट मूळ लेखकाने लिहिला तसाच चित्रित होईल. त्यात कोणीही काडीचा बदल करणार नाही.’ खाली स्वतःची सही ठोकली.

“पुस्तक लिहिणाऱ्या आजोबांनी यावर सही केली, तर?”

“तर मी तोंडातून ब्र काढणार नाही,” निर्माते म्हणाले आणि त्यांनीही सही केली. लेखक हयात आहेत, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

आजोबा दोन खोल्यांत राहत होते. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. दुसऱ्यांची ढीगभर पुस्तकं छापली आणि स्वतःचं हे एवढंच. टेबलावर भिंग होतं, चहाचा कप होता, आणि आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

“बसमध्ये चढवायचं म्हणतात?” आजोबांनी विचारलं.

“हो ना. मी म्हटलं, गाठ माझ्याशी आहे.”

“तुला एवढं का लागलंय, पोरी?”

दिग्दर्शिकेने खुर्ची पुढे ओढली. हे तिने निर्मात्यांना सांगितलं नव्हतं.

“मी सात वर्षांची होते. बाबांची बदली झाली आणि आमची मांजर मागे राहिली. सगळे म्हणायचे, येईल हो मागून. मला कळत होतं, हे थापा मारतायत. त्याच सुट्टीत तुमचं पुस्तक हातात आलं. तेवढं एक पुस्तक माझ्याशी खरं बोललं, आजोबा. मी रात्रभर रडले आणि सकाळी मला बरं वाटलं. म्हणून हा धंदा धरला. म्हणून हा पिक्चर.”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आजींकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” आजी म्हणाल्या. “मी चाळीस वर्षं सांगतेय.”

“काय सांगताय?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“काही नाही. चहा गार होतोय म्हणून.”

आजोबांनी कागद भिंगाखाली धरला. छापखान्यातला माणूस, एकेक अक्षर तपासलं.

“मी लिहिला तसाच शेवट. नक्की ना? नीट विचार कर हो. नंतर मला बोल लावशील.”

“शब्दाचाही फरक नको.”

“निर्मात्यांची सही आहे. तुझीही आहे.”

“तुमचीच तेवढी राहिलीय.”

आजोबांनी सावकाश सही केली. मग खुर्चीत मागे टेकून असे हसायला लागले, की दिग्दर्शिकेलाही हसू आवरेना. लढाई जिंकली होती. तिने तिथूनच निर्मात्यांना फोन लावून सांगितलं, “झाली सही. आता बदलायचं नाव काढायचं नाही.” पलीकडून नुसता सुस्कारा आला.

फोन ठेवेपर्यंत आजी आतल्या खोलीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी आजोबांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारीच बसल्या.

“आमच्याकडे एका तावावर सोळा पानं बसायची,” आजोबा म्हणाले. “माझी गोष्ट पडली थोडी लांब, आणि त्या दिवशी ताव संपले. मालक म्हणाले, उरलेलं पुढच्या खेपेला घालू. तेवढ्यात पोरांची पत्रं यायला लागली. केवढा धीट शेवट, असं मास्तरलोक लिहायला लागले. मग माझी जीभच रेटेना.”

दिग्दर्शिकेने कागद उजेडाकडे धरला. वर कोपऱ्यात आकडा होता, सतरा. आणि खाली, आजोबांच्या सुवाच्य अक्षरात: ‘पण जेमतेम दोन मिनिटं. बस मागे मागे येत थांब्यापाशी उभी राहिली, ड्रायव्हरने दार उघडलं आणि म्हणाला, “चला बदकराव, चढा लवकर.”’