दाराच्या आतला स्टिकर

उमेदवारांना भाषणं आणि घोषणा लिहून देणारा हा माणूस मुळातच संशयी. चहावाला जरा जास्त हसून बोलला, तरी याच्या मनात पाल चुकचुकायची: हा आपल्यातला, की त्यांच्यातला? या निवडणुकीत त्याने लिहून दिलं, ‘आधी नाव विचारा, मगच दार उघडा.’ नावावरून धर्म कळतो, हे कुणाला वेगळं समजावायची गरज पडली नाही. उमेदवार खूश झाला आणि घरोघरी स्टिकर वाटले गेले.

पहिला स्टिकर त्याने स्वतःच्याच घरी लावला. दाराच्या आतल्या बाजूला, म्हाताऱ्या वडिलांच्या बरोबर नजरेसमोर.

“बाबा, दिवसभर एकटे असता. कुणावर विश्वास ठेवू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन तासांवरच्या गावात सभेला होता, तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर ‘इंजेक्शनवाल्या सिस्टर’. गेली तीन वर्षं त्या रोज जेवणाआधी बाबांना इन्शुलिन टोचायला यायच्या. सगळं घर त्यांना सिस्टर म्हणायचं, नाव कधी कुणी विचारलंच नव्हतं.

“दादा, काका आज दारच उघडत नाहीयेत. आतून नाव विचारतायत. आवाज फार थकलेला येतोय त्यांचा.”

“अहो सिस्टर, मग सांगून टाका ना नाव.”



“सांगितलं, दादा. तेव्हा त्यांनी वरची कडीसुद्धा लावून घेतली.”