मधली रेषा

भर दुपारी शाळेचं मैदान ओस पडलं होतं. उद्या पौडचे संघ कबड्डीला येणार म्हणून निवृत्ती फक्कीने आखणी करत होता. मधली रेषा मारून तो उठला आणि त्याला ऐकू आलं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पोरगेला आवाज, अगदी जमिनीलगतचा.

"सर, तुमास्नी ऐकू येतंय का?"

पडवीत बसलेले म्हातारे पासलकर सर म्हणाले, "हितं कोण हाय? ऊन लागलं तुला."

तीस वर्षांपूर्वी इथेच त्याने चढाईला आलेल्या, वर्गातल्या भागूला एकट्याने दाबून धरलं होतं. "दम तुटला," निवृत्ती ओरडला आणि सरांनी शिट्टी वाजवली. दम तुटला नव्हता. छातीखाली आवाज चालू होता, तरी निवृत्तीने अंग उचललं नाही. भागूला झोळीतून घरी नेलं. तो पुन्हा शाळेत आला नाही.

"खोटं बोललो मी, भागू," तो पुटपुटला.

आवाज श्वासालाही थांबला नाही. तो सरपटत रेषेकडे येत होता. दम न तुटता रेषेला हात लागला, की धरणारा बाद.

ताज्या फक्कीत चार बारीक बोटं उमटली.

मग आवाज थांबला.