पंपावरचं गृहीतक
हॉस्पिटलचे खरेदीदार बाहेर खोळंबले होते आणि ती अडून बसली होती. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप चुकणार नाही, हे गणिताने सिद्ध करायचं काम तिचं. पण नर्सने घाईत दोन बटणं एकदम दाबली, की डोस दुप्पट जात होता. “मग ‘नर्स असं कधीच करत नाही’ हे गृहीत धर की!” कंपनीचा मालक, तिचा सख्खा मामा, खेकसला. “लगेच सिद्ध होईल. नाहीतर उद्यापासून घरी बस!” “धरते,” ती म्हणाली. मामाचा जीव भांड्यात पडला. तिने गृहीतक ठळक अक्षरांत छापलं: ‘नर्स कधीच चुकली नाही, तरच हा पंप सुरक्षित.’ पंपाच्या स्क्रीनखाली चिकटवलं. “अगं, हे काय?” “जेवढं सिद्ध झालं, तेवढंच, मामा.” मामा नखाने कागद खरवडू लागला. तिने दार उघडून खरेदीदारांना आत बोलावलं.