आजचा बिघाड

"आत्ती, आज कुठली वायर काढलीत?" ऋतुजानं पुन्हा विचारलं. शिलाई मशीनवर मांडलेल्या जुन्या राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तिनं सगळ्या वायरी चाचपून बघितल्या, तरी जोडणी काही होत नव्हती.

हौसाबाई शेंगा सोलत राहिल्या. "मी कशाला सांगू? उद्या परीक्षेत साहेबाला विचारणार व्हय?"

नेटवर्किंगच्या परीक्षेत बिघाड शोधायला लावतात, म्हणून रोज देवपूजा झाली की गुपचूप एक वायर ढिली करायची, हे काम सुनेनंच त्यांना दिलं होतं. पोरगी पास झाली तर तालुक्यातल्या कंपनीत नोकरी पक्की होती. जेमतेम दुसरी शिकलेली सासू सुनेची परीक्षा घेते, हे हौसाबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

आज मात्र त्या सकाळीच शेजारच्या बारशाला गेल्या आणि वायर काढायचं साफ विसरल्या. आता हे कबूल करायचं म्हणजे आपल्याच हातानं तोरा उतरवायचा. पण हा खरा बिघाड पोरीला सापडलाच नाही, तर?

"सापडलं," ऋतुजा म्हणाली. "लॅपटॉपमध्ये भरलेल्या राउटरच्या पत्त्यात शेवटी एकाच्या जागी सात आहे. काल रात्री मी तर एक टाकला होता." मग तिनं चकित होऊन मान वळवली. "आत्ती, तुम्हाला आकडेसुद्धा बदलता येतात?"

हौसाबाईंनी सुपातली टरफलं ऐटीत पाखडली.

"मग? शेवटच्या दिवशीबी वायरच ओढत बसू व्हय?"