चार स्पीकरांचा निकाल

"टीव्ही बंदच ठेवते," ग्लेनिस म्हणाली. "पडद्याकडे बघत बसलं की कान आळशी होतात."

"अगदी मनातलं बोललात," म्हणत मर्विन पास्को मधल्या खुर्चीत बसला. पाचही स्पीकर त्या खुर्चीपासून सारख्या अंतरावर होते. ग्लेनिसनं सकाळीच मोजून घेतलं होतं.

रविवारची दुपार. स्टॉकपोर्टमधल्या त्या छोट्या घरात चहा, बिस्किटं आणि चव्वेचाळीस वर्षं जपलेला राग, असा सगळा बेत तयार होता.

मर्विनचं पुस्तक येणार होतं. 'काचेची बाग' या १९७३च्या रॉक अल्बमच्या, चहूबाजूंनी स्पीकर लावून ऐकायच्या जेवढ्या म्हणून आवृत्त्या निघाल्या, त्यांची तुलना. ज्या अल्बमच्या एका बाजूला तेवीस मिनिटांचं एकच गाणं आहे, त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिणारे आणि ते विकत घेणारे लोक इंग्लंडात अजून आहेत. मर्विन ज्येष्ठांच्या संकुलात राहायचा. तिथे रेडिओ जरा मोठा केला तरी शेजारीण भिंत ठोकायची. म्हणून तो लोकांच्या घरी जाऊन ऐकायचा. त्या अल्बमच्या नव्या ब्लू-रे डिस्कचं पाकीटही त्यानं अजून फोडलं नव्हतं. ध्वनिमुद्रक क्लिफर्ड ऑर्मरॉडची विधवा म्हणून ग्लेनिसचं बोलावणं आलं तसा तो एका पायावर तयार झाला.

या अल्बमचा चार स्पीकरांसाठीचा पहिला मिक्स, म्हणजे कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून यावा याची जुळणी, १९७४मध्ये झाला. तो ग्लेनिसनंच केला होता. चोवीस वर्षांची होती ती, आणि त्या स्टुडिओत यंत्रापुढे बसू दिलेली पहिली बाई. कव्हरवर नाव आलं ते नुसतं 'जी. टॅटरसॉल'. तेवढंही तिला आभाळाएवढं वाटलं होतं. मग एका मासिकात मर्विन पास्कोच्या नावानं परीक्षण आलं: 'पोरीनं पसारा आवरावा तसा हा मिक्स आहे. चार वस्तू चार कोपऱ्यांत ढकलल्या, की झालं.' आठवड्याभरात तिला यंत्रावरून उठवून टेलिफोनवर बसवलं. त्या खुर्चीत ती पुन्हा कधीच बसली नाही.

क्लिफर्ड नसता तर वेडच लागलं असतं. क्लिफर्ड तिथला मुख्य ध्वनिमुद्रक. ते मासिक त्यानंच आणून दाखवलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं म्हणून. "सोड गं पोरी," तो म्हणाला होता, "या लोकांनी कुणाला सोडलंय?" पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तो तिला एकदाही टाकून बोलला नाही. तिला मर्विनची आठवण होऊन संताप आला की तोच आवरायचा: "त्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस, तुलाच त्रास होईल." दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता आवरणारं कुणी नव्हतं, आणि ग्लेनिसला आवरून घ्यायचंही नव्हतं.

बेत साधा होता. नव्या ब्लू-रेवर दोन्ही मिक्स होते: लंडनच्या एका नावाजलेल्या पोरानं केलेला नवा, आणि शेवटी, उपकार केल्यासारखा, तिचा जुना. ती नवा सांगून जुना लावणार होती आणि जुना सांगून नवा. उशीमागचा फोन सगळं टेप करत होता. धास्ती एकच. तिच्या मिक्समध्ये मधल्या स्पीकरला कामच नव्हतं, तो मुका राहणार होता. जाणकारानं तेवढ्यावरून ओळखलं असतं.

"हा नवा," ती म्हणाली आणि तिनं रिमोट दाबला.

ऑर्गन मागून डावीकडून सुरू झाला. गाणाऱ्याचा आवाज डोक्यावरून पुढे सरकला. मर्विननं डोळे मिटले. मधला स्पीकर चिडीचूप होता. पण मर्विनच्या काही लक्षात आलं नाही. अकराव्या मिनिटाला चारी कोपऱ्यांतून गायकवृंद उसळला, तेव्हा त्याच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं.

"अहो, जादूगार आहे हो हा पोरगा!" त्यानं डोळे पुसले. "असं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"आता जुना ऐका."

चार मिनिटांतच त्यानं हात वर केला. "पुरे. यात जीवच नाही. सगळं पुढे कोंबलंय. मघाच्यापुढे हे म्हणजे अगदीच पांचट."

"पुस्तकात असंच लिहाल?"

"शब्दन् शब्द."

"बघा हं. मागाहून शब्द फिरवाल."

"बाई, मर्विन पास्को शब्द फिरवत नसतो!"

ग्लेनिसनं मघाचा मिक्स पुन्हा लावला आणि या वेळी टीव्ही सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली: मूळ मिक्स, १९७४. जी. टॅटरसॉल.

"जी म्हणजे ग्लेनिस," ती म्हणाली. "टॅटरसॉल माझं माहेरचं आडनाव. पसारा आवरणारी पोरगी ती मीच. तुमचं सगळं बोलणं या फोनमध्ये आलंय. तुमचं पुस्तक निघायच्या आत एकूण एक चाहत्याला ऐकवणार आहे. मग बघते, तुमचं कोण वाचतं ते!"

तिला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. त्यानं आता गयावया करावी, माफी मागावी, निदान चिडावं तरी, म्हणून ती वाट बघत राहिली.

मर्विननं पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. "ती मुलगी तुम्ही?" तो हळूच म्हणाला. "ते परीक्षण मी लिहिलेलं नाही हो."

"खाली नाव तुमचं होतं!"

"नाव माझंच. पण तेव्हा चार स्पीकर होते कुणाकडे? आम्ही सगळे ओळखीच्या स्टुडिओवाल्यांना विचारून खरडायचो. त्या खेपेला तर आख्खा मजकूरच टाइप होऊन आला. तुमचा मिक्स मी ऐकलासुद्धा नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला."

"कुणी पाठवला होता?"

मर्विननं कप खाली ठेवला.

"तुमच्या क्लिफर्डनं," तो म्हणाला. "सोबत चिठ्ठी होती. या पोरीचे कान माझ्याहून तिखट आहेत, ही इथे टिकली तर मी संपलो, असं लिहिलं होतं त्यानं."