कोड पांढरा

"कोड पांढरा. तिसरा मजला, चादरींची खोली. कोड पांढरा."

भोंग्यातून मावशींचा आवाज आला आणि अधीक्षक खुर्चीतून उठले. एरवी सकाळी अकराला ते मीटिंगमध्ये असत. आज मीटिंग ऐनवेळी रद्द झाली होती, आणि टेलिफोनवर बसणाऱ्या मावशींना ते कुणी कळवलं नव्हतं.

निळा कोड त्यांना ठाऊक होता. कुणाचं हृदय बंद पडलं की तो पुकारतात. लाल म्हणजे आग. पांढरा त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पण आपल्याच रुग्णालयातला कोड आपल्याला माहीत नाही, हे अधीक्षकाने कबूल करायचं म्हणजे सर्जनने टेबलापाशी उभं राहून सुरी कुठल्या बाजूने धरायची ते विचारण्यासारखं. ते धावले.

दारात भूलतज्ज्ञ बाई भेटल्या. "पांढरा," अधीक्षक गंभीरपणे म्हणाले. बाईंनी तितक्याच गंभीरपणे मान हलवली आणि त्याही धावू लागल्या. मग शॉक द्यायचं मशीन घेऊन दोन डॉक्टर आले, ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत वॉर्डबॉय आले. सुरक्षारक्षकाने आपल्या अंदाजाने आग विझवायचं नळकांडं उचललं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चौदा जण झाले होते. प्रत्येकाची खात्री होती की उरलेल्या तेरा जणांना सगळं माहीत आहे.

चादरींच्या खोलीत, गाठोड्यावर बसून, सर्जिकल वॉर्डमधली सिस्टर आपल्या पाच महिन्यांच्या मुलीला पाजत होती.

मुलगी बाटलीला तोंड लावत नसे. बाटली दिसली की मान फिरवायची आणि आळी जागी करायची. अधीक्षकांना पाठीमागे सगळे 'परिपत्रक' म्हणत, ते उगाच नाही. त्यांच्या परिपत्रकानुसार ड्युटीवर मोबाईल बंद. ड्युटीत कर्मचाऱ्याने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि नातेवाइकांनी आत टाकायचं नाही. सिस्टरला एक मेमो मिळाला होता. दुसरा मिळाला की नोकरी संपली. म्हणून सासूबाई रोज गुडघ्याचा केसपेपर काढून, नातीला शालीत गुंडाळून रांगेतून आत शिरायच्या, आणि मावशी भोंग्यावरून वर्दी द्यायच्या. तीन आठवडे सुरळीत चाललं होतं. मधल्या काळात सासूबाईंचा गुडघा खरोखरच बरा झाला होता, ती अडचण वेगळी.

जिन्यावर पावलं वाजली. ती इतकी होती की सिस्टरला वाटलं, इमारत रिकामी करतायत. मुलीला सोडवून लपवायला हवं होतं. पण कडकडून भुकेल्या, नुकत्याच प्यायला लागलेल्या मुलीला मध्येच सोडवायचं म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत बोंब. तिने खांद्यावर एक चादर ओढली आणि मनातल्या मनात राजीनाम्याचा मायना सुरू केला.

दार धाडकन उघडलं. चौदा माणसं, एक मशीन, एक सिलिंडर, एक नळकांडं. खोलीत फक्त घुटक्यांचा आवाज होता.

"अहो, जरा हळू," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे लागलीय."

अधीक्षकांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. मेमो द्यायचा तर आधी सांगावं लागणार होतं की पांढरा कोड नावाचं काही अस्तित्वातच नाही. मग कुणीतरी विचारणारच, साहेब, तुम्ही कशासाठी धावलात? त्यांनी मागे पाहिलं. तेरा चेहरे त्यांच्याकडून शिकायला उत्सुक होते.

"परिस्थिती?" अधीक्षकांनी विचारलं.

सिस्टरच्या मनात राजीनामा अर्धा लिहून झाला होता. तरी ती सिस्टर होती. "स्थिर आहे, सर. एक बाजू चालू आहे. दुसरी बाकी आहे."

अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद, ते म्हणाले. निळ्या कोडला तुम्ही चार मिनिटं घेता, लाज वाटली पाहिजे. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं, अगदी अलगद. चौदा माणसं जिना उतरली. आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं एव्हाना सगळ्यांनाच वाटू लागलं होतं.

दुपारी परिपत्रक निघालं. विषय : कोड पांढरा, कार्यपद्धती. चादरी तळमजल्यावर हलवाव्यात. खोलीत खुर्च्या, पडदा आणि आतून कडी असावी. तान्ह्या मुलास एका नातेवाइकासह फाटकातून सोडावं. पुकारा सकाळी अकरा आणि दुपारी तीन वाजता व्हावा. ज्यांचा संबंध आहे त्यांनीच धावावं, इतरांनी जागा सोडू नये. ही पद्धत पूर्वापार चालत आलेली असून ती केवळ पुन्हा निदर्शनास आणून देण्यात येत आहे. सिस्टरने ते तीनदा वाचलं, आणि वॉर्डमधल्या पेशंटांना त्या दिवशी इंजेक्शनं म्हणे टोचलेली कळलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला अधीक्षक जिन्याच्या वळणावर घड्याळ घेऊन उभे राहिले. एका बाईसाठी नऊ कलमं लिहिली, हा विचार त्यांना रात्रभर खात होता. भोंगा वाजला. सिस्टर आली. तिच्या मागून एक्सरेवाली आली, प्रयोगशाळेतली एक आली, स्वयंपाकघरातल्या दोघी हात पुसत आल्या, झाडूवाली झाडू भिंतीला टेकवून आली. आणि त्या सगळ्यांना मागे टाकत, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत भूलतज्ज्ञ बाई गेल्या. त्यांच्यामागून त्यांचा नवरा रडणारं बाळ घेऊन धापा टाकत चढत होता. महिन्यापूर्वीच्या मुलाखतीत "घरी लहान कुणी आहे का?" या अधीक्षकांच्या प्रश्नाला बाई हसून "छे" म्हणाल्या होत्या, आणि याच उत्तरावर त्यांना नोकरी मिळाली होती.